मंजुरीचं पत्र निघाल्यावर गावात काय होतं? : संशोधन नैतिकता समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सदस्य सचिव आणि सर्व सदस्य,
संशोधन नैतिकता समिती,
मराठवाड्यातली सर्व विद्यापीठं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि संशोधन केंद्रं

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. निवृत्तीनंतर एका महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर मला सामान्य सदस्य म्हणून घेतलं. नियमांच्या भाषेत या जागेला 'ले पर्सन' म्हणतात. वैद्यकीय शिक्षण नसलेला, समाजातून आलेला आणि ज्याच्यावर संशोधन होणार आहे त्याच्या बाजूने कागद वाचणारा हा सदस्य असतो. त्या खुर्चीवर बसून जे दिसलं आणि त्याआधी नोकरीत गावोगावी जे पाहत आले, ते एकत्र ठेवून हे पत्र लिहिते आहे. कुणा एका संस्थेकडे किंवा व्यक्तीकडे बोट दाखवायचं नाही. मागणं एकच आहे. आपलं परीक्षण बैठकीच्या टेबलावर संपतं. ज्या ओट्यावर, ऊसतोड्यांच्या ज्या कोपीत म्हणजे झोपडीत, ज्या वर्गात माणसाकडून होकार घेतला जातो तिथपर्यंत ते न्या.

हे पत्र समितीबाहेरचे लोकही वाचतील, म्हणून कामाची रीत थोडक्यात सांगते. माणसांवर संशोधन करायचं असेल तर संशोधकाने आधी समितीकडे अर्ज करायचा. त्यात अभ्यासाचा आराखडा, प्रश्नावली, माहितीपत्रक, संमतीपत्र, खर्च आणि मुख्य संशोधकाची माहिती असते. सदस्य सचिव अर्ज चाळतात आणि तीनपैकी एका वाटेला लावतात. धोका जवळजवळ नसेल तर परीक्षणातून सूट, किरकोळ असेल तर दोन-तीन सदस्यांकडून जलद परीक्षण, आणि बाकी सगळं पूर्ण बैठकीपुढे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, निम्मे सदस्य बाहेरचे असावेत, आणि किमान ५ जण हजर असल्याशिवाय निर्णय होऊ नये. वकील हवा, समाजशास्त्राचा किंवा नीतिशास्त्राचा जाणकार हवा, सामान्य माणूस हवा. ज्या सदस्याचा त्या अभ्यासाशी संबंध आहे त्याने निर्णयाच्या वेळी खोलीबाहेर जायचं. २०१९ च्या नव्या नियमांनंतर आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीही करावी लागते. ही व्यवस्था चांगली आहे. ती उभी करण्यात अनेकांची मेहनत आहे, आणि समितीवरचे डॉक्टर, प्राध्यापक आपली कामं सांभाळून हे करतात, हेही मी जवळून पाहिलं आहे.

बैठकीत चर्चा मात्र कशावर रंगते? सॅम्पल साईज पुरेसा आहे का, आकडेवारीची पद्धत बरोबर आहे का, शीर्षक लांब झालं का. हे प्रश्न बिनमहत्त्वाचे नाहीत, कारण चुकीच्या पद्धतीचा अभ्यास माणसांचा वेळ फुकट घालवतो. मग पाळी संमतीपत्राची येते. 'मराठी भाषांतर जोडलं आहे ना?' 'जोडलं आहे.' पुढचा अर्ज. ते मराठी गेवराईच्या बाजारात कुणाला कळेल का, हे विचारायला वेळ उरत नाही. तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या बाईला कळेल का, देगलूरकडे घरात तेलुगू बोलणाऱ्याला कळेल का, हा तर त्याच्याही पुढचा प्रश्न.

आता मंजुरीचं पत्र घेऊन संशोधक गावात जातो तेव्हा काय होतं ते सांगते.

आमच्याकडे हातात कागद, गळ्यात ओळखपत्र आणि बरोबर आशाताई किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई घेऊन कुणी आलं, तर लोक एकच समजतात : पंचनामा. मराठवाड्याने दुष्काळ, गारपीट, अतिवृष्टी सगळं भोगलं आहे, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन नाव लिहून घेतं, मग यादी लागते, मग अनुदान येतं किंवा येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून ते सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीपर्यंत हाच अनुभव आहे. त्यामुळे 'आम्ही विद्यापीठातून आलो आहोत, अभ्यास करतो आहोत, यातून तुम्हाला थेट फायदा होणार नाही' हे वाक्य संमतीपत्रावर असतं, संशोधक वाचूनही दाखवतो, तरी ऐकणारा मनात पीकविम्याचा हिशेब करत असतो. शेवटी विचारतोच, "बाई, यादीत नाव येईल ना?" ज्याच्या मनात ही आशा आहे त्याने दिलेल्या होकाराला मोकळा होकार म्हणता येईल का? मला वाटतं नाही. आणि यात त्या माणसाचा दोष नाही. नाव लिहून घेणं म्हणजे सरकार, ही समजूत त्याने अनुभवातून कमावली आहे.

यावर उपाय आहे आणि तो समितीच्या हातात आहे. नमुन्यासाठी निवडलेल्या गावात गेल्या वर्षा-दोन वर्षांत कुठली नुकसानभरपाई, कुठली पाहणी झाली, हे अर्जात लिहायला सांगा. संशोधकाबरोबर कोण चालणार, हे विचारा. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच किंवा आशाताई बरोबर असेल तर तिथे अभ्यास आणि सरकारी काम वेगळं दिसणारच नाही. होकार घेतल्यावर संशोधकाने समोरच्यालाच विचारावं, 'मी कुठून आलो, कशाला आलो, यातून तुम्हाला काय मिळणार, ते तुमच्या शब्दांत सांगा.' उत्तरात अनुदान आलं तर सही घेऊ नये, पुन्हा समजावून सांगावं. एवढी एक अट मंजुरीच्या पत्रात टाकायला कुठल्या निधीची गरज नाही.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. आपल्या विभागातल्या अशा घरांत पत्रकार येतात, संस्था येतात, समाजकार्याचे (एमएसडब्ल्यू) विद्यार्थी येतात, पीएचडीचे येतात. प्रत्येकाला तोच दिवस ऐकायचा असतो : सकाळी काय बोलणं झालं, औषध कुठे ठेवलेलं होतं, आधी कुणी पाहिलं. अर्जावर मात्र धोक्याच्या रकान्यात 'किमान' लिहिलेलं असतं, कारण सुई नाही, औषध नाही, रक्त काढायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे आहेत. आयसीएमआरच्या सूचनांमध्ये किमान धोक्याची व्याख्या स्पष्ट आहे : सर्वसाधारण निरोगी माणसाला रोजच्या जगण्यात जेवढा त्रास किंवा अपाय होऊ शकतो, त्याहून जास्त नसलेला धोका. नवऱ्याचं प्रेत पुन्हा डोळ्यांसमोर आणणं कुणाच्या रोजच्या जगण्यात बसतं? तरी अशी प्रश्नावली जलद परीक्षणातून निघून गेलेली मी पाहिली आहे. त्याच सूचनांमध्ये सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय आरोग्य संशोधनासाठी वेगळं प्रकरण आहे आणि प्रश्नांनी मनाला पोचणारी इजा ही इजाच धरली आहे. आपण ते प्रकरण बैठकीत उघडत नाही.

या घरांत आणखी एक गोष्ट असते, जी परगावच्या संशोधकाला माहीत नसते. आत्महत्येचं प्रकरण सरकारी मदतीला 'पात्र' ठरतं की 'अपात्र', यावर घराला १ लाख रुपये मिळणार की नाही हे ठरतं. कर्ज कुणाचं होतं, बँकेचं की सावकाराचं, दारू होती का, घरात भांडण होतं का, हे प्रश्न समितीच्या खोलीत माहितीचे प्रश्न असतात. त्या बाईला ते तहसीलच्या चौकशीचेच वाटतात. ती जपून बोलते, शब्द मोजते, घाबरते. प्रकरण अजून निकाली निघालेलं नसेल तर अशा घरात संशोधकाने जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निकाली निघालं असेल तर आधी किती जण येऊन गेले ते विचारावं. एका गावात, एका घरात किती अभ्यास झाले याची साधी नोंदवही आपल्या विभागातल्या समित्यांनी मिळून ठेवली, तर 'या घराला पुन्हा त्रास देऊ नका' असं सांगता येईल. आज एका समितीला दुसरीच्या मंजुऱ्या माहीत नसतात आणि सगळ्यांचे संशोधक त्याच रस्त्याने त्याच दारात उभे राहतात.

ऊसतोड कामगार बायकांचंही असंच झालं आहे. बीड जिल्ह्यातल्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा सुरू झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ते आवश्यकच होतं. पण त्यानंतर हा विषय जणू संशोधनाची खाण झाला. विषय खरा आहे, त्यावर अभ्यास व्हायला हवा, त्यातून या बायकांचं भलं व्हावं असं मलाही वाटतं. मी ज्या पोरींना बाराखडी शिकवली त्यांतल्या कितीतरी आज कोयता घेऊन जातात. म्हणूनच हा अभ्यास कसा होतो याची मला काळजी वाटते.

टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि उन्हाळा लागता परत येते. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता त्याच्याशी बांधलेला. संशोधकाला वेळेत आकडे हवे असतात, म्हणून तो साखर कारखान्याच्या तळावर जातो. तळावर कुणाशी बोलायचं, कधी बोलायचं, हे मुकादम ठरवतो. तो दहा बायका बसवून देतो. त्या बायका 'नाही' म्हणतील का? कागदावर 'सहभाग ऐच्छिक आहे, कधीही माघार घेता येईल' असं छापलेलं असतं. ज्याच्याकडून उचल घेतली त्याने बसवलं असताना उठून जाण्याची मुभा कुठल्याही कागदाने मिळत नाही. सूचनांमध्ये हेही लिहिलेलं आहे : ज्याच्या परवानगीशिवाय लोकांपर्यंत पोचता येत नाही, अशा माणसाची परवानगी म्हणजे प्रत्येकाची संमती नव्हे. आपण अर्जात 'कारखान्याची परवानगी जोडली आहे' असं वाचून पुढे जातो. उलट विचारायला हवं की मुकादमाला टाळून या बायकांना भेटता येईल का? येईल. पावसाळ्यात, त्या आपल्या गावी असताना, त्यांच्या घरी. त्यासाठी अभ्यासाचं वेळापत्रक बदलावं लागेल. पीएचडीची मुदत आणि प्रकल्पाचं आर्थिक वर्ष यांच्या सोयीपेक्षा बाईच्या 'नाही'ला जागा असणं मोठं आहे, असं समितीने एकदा ठरवायला हवं.

पाळी, अंगावरून जाणं, ऑपरेशन, मूल न होणं. हे प्रश्न ओट्यावर विचारले जातात. सासू शेजारी तांदूळ निवडत असते, पोरं खेळत असतात, शेजारीण भिंतीपलीकडून ऐकते. अर्जात 'गोपनीयता राखली जाईल' असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ फक्त एवढाच असतो की नाव लिहिणार नाही, कोड नंबर देणार. नंतर अहवाल निघतो : अमुक तालुका, वय ३४, तीन मुली, नवरा टोळीचा मुकादम होता, दोन वर्षांपूर्वी वारला. नाव नाही, पण तालुक्यातल्या कुणालाही विचारा, ती कोण ते सांगेल. मोठ्या शहरात एवढ्या तपशिलातून माणूस सापडत नाही. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात तो लगेच सापडतो. अहवालात कोणते तपशील छापणार आणि कोणते गाळणार, हे परीक्षणाच्या वेळीच विचारलं पाहिजे. छापून झाल्यावर त्याला उपाय नाही.

अंगठ्याबद्दल एकच मुद्दा. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना निःपक्ष, वाचता येणारा साक्षीदार सबंध वेळ हजर असायला हवा. प्रत्यक्षात साक्षीदार म्हणून बरोबर आलेल्या मदतनीसाची सही असते. आणि संमतीपत्राची जी प्रत घरात राहायला हवी, जिच्यावर समितीच्या सदस्य सचिवांचा फोन असतो, ती बहुतेक वेळा संशोधकाच्या पिशवीतच परत जाते. या दोन गोष्टी तपासायला समितीच्या एका माणसाला एका दुपारी एका गावात जावं लागेल, बस.

शाळांचं मला आतून माहीत आहे. मुलांवर अभ्यास करायचा असला की संशोधक आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणतो, मग मुख्याध्यापक हो म्हणतात, आणि वर्ग मोकळा होतो. आईबाप टोळीत गेलेले असतात, मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. वसतिगृह चालवणाऱ्याची सही पालकांच्या जागी घेऊन काम भागवायचा मोह मोठा असतो. या मोहाचा परिणाम देशाने पाहिलेला आहे. २००९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची लस, देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. लसीची उपयुक्तता हा वेगळा विषय आहे आणि ती लस मुलींना मिळायला हवी असंच माझं मत आहे. तक्रार सहीची आहे. सूचनांप्रमाणे ७ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तोंडी आणि १२ वर्षांपुढच्या मुलाची लेखी तयारीही घ्यायची असते, पालकांच्या संमतीखेरीज. वर्गात बाईंनी सांगितल्यावर पोर 'मला नको' म्हणत नाही. म्हणून वर्गशिक्षिका त्या वेळी वर्गाबाहेर असावी, अशी अट मी आमच्या बैठकीत मांडली होती आणि सदस्यांनी ती मान्य केली. लहान अट आहे, पण तिने फरक पडतो.

आता मराठवाड्यातल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. तीन गटांत तीन वेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना 'नेहमीची सेवा', म्हणजे त्या वेळी त्या भागात जे काही उपलब्ध होतं तेवढंच. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यांच्यात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटात ६४.

या आकड्यांनी जगाला शिकवलं. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे आमच्या विभागातल्या बायकांच्या अंगावर सिद्ध झालं, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही पहिल्या तपासणीसाठी याच चाचणीला पसंती दिली. मला त्याचा अभिमान आहे. त्याच वेळी चौथ्या गटाबद्दल जगभर वाद झाला, आणि तो वाद आपण या विभागात बसून नीट वाचला पाहिजे. एक बाजू म्हणते, तिथे मुळात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून त्या बायकांचं काही हिरावून घेतलं नाही. आणि तुलनेशिवाय चाचणी खरंच जीव वाचवते का हे कळलंच नसतं. दुसरी बाजू म्हणते, तपासणीने जीव वाचतो हे इतर देशांच्या अनुभवावरून ठाऊक असताना तीस हजारांवर बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणं बरोबर नव्हतं. मी दुसऱ्या बाजूकडे झुकते. जिथे सोय नाही तिथली 'नेहमीची सेवा' हा पाया धरला, तर सोय नसलेला प्रत्येक जिल्हा संशोधनाला सोपा ठरतो, आणि मराठवाडा तसा नेहमीच सोपा ठरत आला आहे. पण माझं मत बाजूला ठेवलं तरी समितीसाठी काम उरतंच : तुलनेच्या गटाला अभ्यास संपल्यावर काय मिळणार, कधी मिळणार, कोण देणार आणि पैसे कुठून येणार, हे अभ्यास सुरू होण्याआधी लेखी हवं. 'नंतर पाहू' असं उत्तर आलं तर अर्ज परत पाठवावा.

आणि जे अर्ज समितीपुढे येतच नाहीत त्यांचं काय? आयसीएमआरच्या सूचना आरोग्याशी संबंधित संशोधनाला लागू आहेत, त्यात सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय आरोग्य संशोधनही आलं. मात्र समाजशास्त्र, मराठी, शिक्षणशास्त्र, वाणिज्य, पत्रकारिता, समाजकार्य या विभागांतून स्थलांतर, जात, कर्ज, घरातली मारहाण या विषयांवर माणसांना प्रश्न विचारले जातात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची वाट गाईड आणि आरआरसी, म्हणजे संशोधनाच्या विषयाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती, यांच्यापुरतीच असते. तिथे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, पाहतात, विषय नवा आहे का पाहतात. प्रबंध दाखल करताना सॉफ्टवेअरवर साहित्यचोरी तपासतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांवर साधर्म्य निघालं तर तो परत येतो. दुसऱ्याच्या वाक्यांची एवढी राखण आहे. ज्यांच्या तोंडून ती माहिती घेतली त्यांना काय विचारलं, कसं विचारलं, हे पाहणारं कुणी नाही. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मुंबईत २००० मध्येच तयार झाली, त्यात सेहत या संस्थेचा मोठा वाटा होता. म्हणजे काय करावं हे मराठी मुलखात पाव शतकापासून माहीत आहे. विद्यापीठांनी ठरवलं तर प्रत्येक विद्याशाखेसाठी समिती नेमता येते, आणि आरआरसीपुढे जाण्याआधी तिची मंजुरी घ्यायची असा नियम करता येतो.

मंजुरी आधी, हे मुद्दाम लिहिते. कारण असेही अर्ज आमच्यापुढे आले, ज्यांत माहिती गोळा करून झालेली होती आणि आता शोधनिबंध छापायला नियतकालिक एथिक्सचा क्रमांक मागतंय म्हणून घाई होती. 'विद्यार्थ्याचं वर्ष जाईल' असं सांगितलं जातं. मला त्या मुलांची खरंच कणव येते. त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं. तरी काम सुरू झाल्यावर मागून मंजुरी देता येत नाही, हे नियम स्पष्ट सांगतात, आणि एकदा अशी मंजुरी दिली की पुढच्या वर्षी दहा येतात. दोष गाईडचा आणि संस्थेचा असतो. पहिल्या वर्षाच्या कोर्सवर्कमध्येच एथिक्सचा अर्ज स्वतः भरून पाहायला लावला, तर मुलं ही चूक करणार नाहीत.

सहभागी माणसाचा वेळ हाही खर्चच आहे. वेचणीच्या दिवसांत दीड तासाची मुलाखत म्हणजे अर्धा रोज बुडतो. 'पैसे दिले तर आमिष ठरेल' हा युक्तिवाद बैठकीत मी अनेकदा ऐकला. आमिषाला मनाई आहे, पण बुडालेला रोज, बसभाडं आणि दिलेला वेळ यांची भरपाई सूचनांना मान्य आहे, फक्त रक्कम समितीने मंजूर करायची असते. संशोधकाच्या बजेटमध्ये टॅबलेट, प्रवास, परिषदेचं शुल्क असतं. ज्याच्या शब्दांवर प्रबंध उभा राहतो त्याच्या नावापुढे शून्य असतं. असं बजेट मंजूर करू नका.

मंजुरीनंतरच्या देखरेखीचा अधिकार आपल्याला आहेच. वर्षातून एकदा प्रगती अहवाल मागवायचा, बदल झाले तर ते पुन्हा तपासायचे, गरज वाटली तर प्रत्यक्ष जागेवर जायचं. अहवाल येतात, फाइलला लागतात. जागेवर जाणं मी माझ्या मुदतीत पाहिलं नाही. वेळ नाही, गाडी नाही, प्रवासभत्त्याचं शीर्ष नाही, ही कारणं खोटी नाहीत. म्हणून कुलगुरूंना आणि प्राचार्यांनाही या पत्राची प्रत पाठवते आहे : समितीला स्वतंत्र निधी द्या, एक पूर्णवेळ कर्मचारी द्या, आणि वर्षातल्या मंजूर अभ्यासांपैकी काही निवडून गावात जाऊन तपासणं सक्तीचं करा. तिथे संशोधकाला विचारू नका. ज्यांनी सही केली, अंगठा दिला, त्यांना विचारा की तुम्हाला काय सांगितलं होतं, नाही म्हणता आलं असतं का, नंतर कुणी निकाल सांगायला आलं का.

निकाल सांगायला कुणी येत नाही, असं लोक सांगतात. रक्त दिलं त्यांना हिमोग्लोबिन किती निघालं तेही कधी कधी कळत नाही. अंतिम अहवालाबरोबर 'गावाला निकाल कधी आणि कसा सांगितला' याची एक पानाची नोंद मागा. ग्रामसभेत वीस मिनिटं सोप्या मराठीत सांगणं प्रत्येक संशोधकाला जमण्यासारखं आहे.

सामान्य सदस्यांबद्दलही लिहिते, कारण मी त्यातलीच. ही जागा भरताना बहुतेक वेळा ओळखीचे निवृत्त प्राध्यापक किंवा गावातले प्रतिष्ठित गृहस्थ घेतले जातात. अर्जांचा गठ्ठा बैठकीच्या आदल्या दिवशी येतो आणि सगळा इंग्रजीत असतो. मला इंग्रजी वाचता येतं म्हणून निभावलं. ऊस तोडलेली, खुरपणी केलेली, आशा म्हणून गावोगाव फिरलेली बाई या जागेवर का नको? तिला प्रत्येक अर्जाचा दोन पानांचा मराठी सारांश आठवडाभर आधी द्या आणि बैठकीत तिला सगळ्यात आधी बोलू द्या. तज्ज्ञ बोलून झाल्यावर आमच्यासारख्यांचं तोंड उघडत नाही.

पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. त्याआधी, श्रावण-भाद्रपदात, टोळ्यांची माणसं गावात असताना, आपल्यापैकी प्रत्येक समितीने एक बैठक तालुक्याच्या गावात घ्यावी. त्या भागातल्या मंजूर अभ्यासांत ज्यांनी भाग घेतला त्यांना बोलवावं, त्यांचा बुडालेला रोज द्यावा आणि त्यांच्याकडून ऐकावं. आमच्या तालुक्यात घ्यायची असेल तर शाळेची खोली, पिण्याचं पाणी आणि गोरमाटी व मराठी दोन्ही बोलणाऱ्या दोन शिक्षिका यांची सोय मी करते. तारीख निदान तीन आठवडे आधी कळवावी, म्हणजे वाड्या-तांड्यांवर निरोप पोचवता येतो.

आपली,
एका महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची सामान्य सदस्य,
निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. बीड

प्रत माहितीसाठी आणि पुढील कार्यवाहीसाठी : मा. कुलगुरू, मा. अधिष्ठाता आणि मा. प्राचार्य